सेटअपकाका

तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही डिप्लोमा कॉलेजात प्राचार्य बदलतात, अभ्यासक्रम बदलतो, इमारतीचा रंगही बदलतो. लॅब नंबर दोनच्या कोपऱ्यातले काका मात्र तेच असतात. शर्टाच्या खिशात पेन आणि स्क्रू ड्रायव्हर शेजारी-शेजारी. चष्मा कपाळावर. मस्टरवर पद ‘प्रयोगशाळा सहायक’, मुलांच्या तोंडी एकच नाव: सेटअपकाका.

काकांचं शिक्षण कॉम्प्युटरचं नाही. आयटीआयला वायरमन, नाहीतर रेडिओ-टीव्ही मेकॅनिक. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कॉलेजात कॉम्प्युटर आले तेव्हा लॅबला एसी होता आणि चपला बाहेर काढून आत जावं लागायचं. दारात चपलांवर लक्ष ठेवायला ज्यांना बसवलं, ते एसीच्या ओढीनं हळूहळू आत सरकले आणि परत बाहेर आलेच नाहीत. त्या वेळचे एम.एससी. झालेले सर आधी पुण्याला कंपनीत गेले, मग अमेरिकेला. सर्व्हर रूमची किल्ली काकांकडे राहिली.

काकांची इस्टेट दोनच वस्तूंची: झिपची काळी सीडी पाउच आणि दोनशे पानी लाँगबुक. सीड्यांवर मार्करनं लिहिलेलं असतं: ‘ओरॅकल – खरी’, ‘ओरॅकल – चालते’, ‘व्हीबी ६, दुसरी सीडी शेवटी मागते’, ‘एक्सपी सर्व्हिस पॅक ३, कुणाला देऊ नये’. लाँगबुकात एरर नंबर आणि त्यापुढे औषध. मुलगा दारातून नुसता नंबर ओरडतो आणि काका मान वर न करता उपचार सांगतात.

“काका, बारा हजार पाचशे साठ!”

“सर्व्हिस बंद आहे. चालू कर.”

“काका, अठ्ठावीस हजार!”

“स्कॉटला कुलूप आहे. काढ.”

हा स्कॉट म्हणजे ओरॅकलच्या अगदी सुरुवातीच्या कर्मचाऱ्यांपैकी ब्रूस स्कॉट. सरावासाठीच्या खात्याला त्यांचं आडनाव मिळालं आणि पासवर्ड ठेवला गेला ‘टायगर’, म्हणजे त्यांच्या मुलीच्या मांजराचं नाव. इकडे पोरांच्या कितीतरी बॅचेसनी जर्नलच्या पहिल्या पानावर ते मांजर इमानानं उतरवून काढलं. पुढच्या आवृत्त्यांत कंपनीनं शहाणपण करून हे खातं कुलूपबंद पाठवायला सुरुवात केली, तेव्हा काकांना ते स्वतःच्या घराला कुणी कुलूप लावल्यासारखं वाटलं.

पण नंबरावर औषध देणं हे ओपीडीचं काम. अवघड केस आली की काका एरर वाचतच नाहीत. “एरर म्हणजे पेशंट. दुखतं एकीकडे, बोट ठेवतो दुसरीकडे.” ते फक्त एक प्रश्न विचारतात, “मशीनवर आधी काय होतं?” समोरचा म्हणतो, “काही नव्हतं काका, फॉरमॅट केलंय.” काका हसतात. त्यांचं निदान ठरलेलं असतं: जुनं काहीतरी राहिलंय.

आणि दहातल्या आठ वेळा ते खरं निघतं. मायएसक्यूएल काढून पुन्हा टाकलं तर नवा रूट पासवर्ड चालत नाही, कारण डेटाचं फोल्डर जुनंच असतं. विंडोज ७ मध्ये ते ‘प्रोग्रामडेटा’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरात बसतं. अनइन्स्टॉल करताना घर पाडलं, तळघर तसंच राहिलं आणि तळघराला जुनीच किल्ली लागते. जावा नवीन टाकली, तरी कमांड प्रॉम्प्टवर आवृत्ती जुनी दिसते, कारण ओरॅकलच्या इन्स्टॉलरनं आपली जुनी जावा पाथमध्ये सगळ्यांच्या पुढे नेऊन बसवलेली असते. ओरॅकल काढून टाकावं म्हटलं तर एक डीएलएल फाइल हटत नाही. विंडोजची व्यवहार सांभाळणारी एक सर्व्हिस तिला धरून बसते. काका त्या सर्व्हिसचं शटर ओढतात, फाइल डिलीट करतात आणि हात झटकतात.

एसक्यूएल सर्व्हर २००८ च्या वेळी तर मोठी मौज होते. सेटअप आधी तपासणी करतो. सगळ्या ओळींवर हिरवी टिक आणि एकाच ओळीवर लाल फुली: ‘कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.’ पोरगं रीस्टार्ट करतं. पुन्हा फुली. पुन्हा रीस्टार्ट. सातव्या वेळी ते रडकुंडीला येऊन काकांकडे येतं. काका रजिस्ट्री उघडतात आणि ‘सेशन मॅनेजर’खाली एका नोंदीवर बोट ठेवतात. पुढच्या वेळी चालू होताना अमुक फाइल हलवा, तमुक पुसा, अशा चिठ्ठ्या तिथं जमा होतात. कुठलासा प्रिंटर ड्रायव्हर दर वेळी नवी चिठ्ठी टाकून जातो. एसक्यूएल सर्व्हर चिठ्ठीत काय लिहिलंय ते बघत नाही. चिठ्ठी आहे, म्हणजे काम पेंडिंग. “तलाठी कार्यालयासारखं आहे,” काका सांगतात, “फाइलवर शेरा आहे ना? मग पुढं सरकणार नाही.” ते नोंद रिकामी करतात. हिरवी टिक.

व्हिज्युअल बेसिक ६ ही १९९८ ची बाई विंडोज ७ च्या घरात नांदवायची, तर काकांचा उपाय याच्या उलटा. इथं जुनं काढायचं नाही, ठेवायचं. हा सेटअप मायक्रोसॉफ्टची जुनी जावा टाकायला बघतो. म्हणून काका नोटपॅडमध्ये एक रिकामी फाइल बनवतात, तिला ‘एमएसजावा’ डीएलएल असं नाव देतात आणि विंडोजच्या फोल्डरात ठेवतात. आत एक अक्षर नाही, आकार शून्य बाइट. सेटअप येतो, नाव बघतो, ‘आहे’ म्हणतो आणि पुढे जातो. मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. मागच्या बाकावरून आपोआप आवाज येतो: “काका, ही तर प्रॉक्सी!”

काकांची कीर्ती झाली ती २००२ च्या सुमारास, पेंटियम ४ च्या वेळी. कॉलेजात कोरी करकरीत मशिन्स आली. ओरॅकल ८आय ची सीडी घातली, सेटअपवर डबल क्लिक केलं. वाळूचं घड्याळ क्षणभर दिसलं आणि गेलं. एरर नाही, खिडकी नाही, काहीच नाही. डीलरचा मुलगा म्हणाला सीडी खराब आहे. तीन सीड्या बदलल्या. सरांनी व्हायरसवर संशय घेतला. काकांनी दोन दिवस बाहेर खटपट केली आणि एका कागदावर एक नाव लिहून आणलं. सगळी सीडी हार्ड डिस्कवर कॉपी केली, ‘सिमसीजिट’ नावाची डीएलएल शोधली, तिचं नाव बदलून शेवटी ‘ओल्ड’ लावलं आणि सेटअप चालवला. निळी पट्टी सरकू लागली. कारण एवढंच होतं: तो इन्स्टॉलर जावात लिहिलेला, त्या जावाला वेग देणारा सिमँटेकचा तुकडा जुना, आणि नव्या पेंटियमवर तो सुरू होतानाच मान टाकायचा. “नव्या बैलाला जुनं जू बसेना,” काका म्हणाले. त्या दिवसापासून सर त्यांना ‘अहो’ म्हणू लागले.

अर्थात काकाही चुकतात. तीस मशिन्सवर तीस वेळा ओरॅकल टाकायचं म्हणजे आठवडा जायचा, त्यात दिवसाला काही तास लोडशेडिंग. नव्वद टक्क्यांवर वीज गेली की यूपीएस तीन वेळा ओरडायचा आणि झोपायचा. अर्धवट बसलेलं ओरॅकल उपटणं हे नव्यानं टाकण्यापेक्षा कठीण. म्हणून काकांनी पीसी १ वर सगळं नीट बसवलं, घोस्ट नावाच्या सॉफ्टवेअरनं त्याची प्रतिमा काढली आणि बाकी एकोणतीस मशिन्सवर उतरवली. दुपारी तीनपर्यंत लॅब तयार. प्राचार्यांनी येऊन कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पहिलं प्रॅक्टिकल घेतलं: ‘स्टुडंट’ नावाचं टेबल बनवा. एका मुलीचं बनलं. बाकी एकोणतीस जणांना ओरॅकलनं उत्तर दिलं, हे नाव आधीच वापरात आहे. मॅडमनी स्वल्पविराम तपासले. कंस तपासले. मग एकानं आपलं टेबल म्हणून त्यात काय आहे ते बघितलं, तर आत त्या मुलीचा रोल नंबर. दुसऱ्यानं वैतागून ‘ड्रॉप टेबल’ मारलं आणि खिडकीजवळून किंकाळी आली, “मॅडम, माझं टेबल गेलं!”

काका आले. नोटपॅडमध्ये ओरॅकलची जोडणीची फाइल उघडली. होस्टपुढे नाव होतं पीसी १. शेजारच्या मशिनवर पीसी १. शेवटच्या रांगेतही पीसी १. घोस्टनं तीसही भावंडांना एकच पत्ता दिला होता आणि तीसही मुलं एकाच डेटाबेसात, एकाच स्कॉटच्या नावानं, एकमेकांच्या डोक्यावर बसून काम करत होती. काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. “जुनं राहिलंय,” ते गंभीरपणे म्हणाले. कोणी ठेवलं, हे मॅडमनी विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत काका एकोणतीस मशिन्सवर हातानं नावं बदलत आणि लिसनर पुन्हा चालू करत बसले होते.

कॉलेजाबाहेरही काकांना मागणी असते. पतसंस्थेचा मॅनेजर स्कूटर घेऊन दारात उभा राहतो. “नवीन विंडोज ७ चं मशीन घेतलं, चौसष्ट बिटचं, आणि आपलं सॉफ्टवेअर डेटाबेसला जोडतच नाही हो.” ओरॅकलचा क्लायंट १०जी, सॉफ्टवेअर व्हीबीतलं. काका जाऊन बघतात, ते सॉफ्टवेअर कुठल्या फोल्डरात टाकलंय. ‘प्रोग्राम फाइल्स’ आणि पुढे कंसात एक्स ८६. तोच कंस नडतो. ओरॅकल जोडणीचा सगळा मजकूर स्वतः कंसात लिहितं, त्यामुळे फोल्डरच्या नावातला कंस दिसला की ते जुने क्लायंट गोंधळतात आणि नाव सापडत नाही म्हणून हात वर करतात. काका सॉफ्टवेअर उचलून थेट सी ड्राइव्हवर ‘पतसंस्था’ नावाच्या फोल्डरात ठेवतात, अर्थात इंग्रजी अक्षरांत. चालू. मॅनेजर बिल विचारतो. काका म्हणतात, “कंस काढायचे काय पैसे घ्यायचे?” चहा आणि भजी मात्र नाकारत नाहीत.

त्याच पतसंस्थेत खातेदारांची नावं मराठीत हवी झाली तेव्हा काकांनी सांगितलेलं निदान डेटाबेसवाल्या कुणीही भिंतीवर लावावं. स्क्रीनवर चौकोन आले तर अक्षरं शाबूत आहेत, फक्त फॉन्ट नाही. एक्सपी असेल तर प्रादेशिक भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन टिक करा, विंडोजची सीडी घाला. प्रश्नचिन्हं आली तर अक्षरं साठवतानाच गेली, मग फॉन्ट किती बदलले तरी येणार नाहीत. रकाना युनिकोडचा करा आणि नावं पुन्हा भरा. पुन्हा भरायची हे ऐकून क्लार्कनं केलेला चेहरा काकांना अजून आठवतो.

काकांचा एक दोष सांगितलाच पाहिजे. ‘चालतंय ना? मग हात लावू नको’ हा त्यांचा बाणा. जानेवारी २००३ मध्ये एसक्यूएल स्लॅमर नावाचा वर्म एसक्यूएल सर्व्हर २००० च्या एका छिद्रातून जगभर काही मिनिटांत पसरला. ते छिद्र बुजवणारा पॅच सहा महिने आधीच आलेला होता. चालतंय म्हणून अनेकांनी तो लावलाच नव्हता. काकांनीही लावला नव्हता. लॅब वाचली, कारण इंटरनेट तेव्हा फक्त प्राचार्यांच्या केबिनमध्ये डायल-अपवर होतं. काका ही गोष्ट स्वतःच्या दूरदृष्टीचं उदाहरण म्हणून सांगतात. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. दोन्ही तारखा काकांच्या लाँगबुकात आहेत आणि दोन्हींपुढे ‘बघू’ असा शेरा आहे.

आता नवी पोरं डॉकर चालवतात. एक ओळ टाइप केली की डेटाबेस कंटेनरमध्ये तयार, सीडी नको, रजिस्ट्री नको. मध्यंतरी एकाची ती ओळ फसली: ३३०६ हा पोर्ट आधीच कुणीतरी घेतलेला. त्यानं कंटेनर पाडला, उभा केला, तीनदा. मग मान खाली घालून कोपऱ्यात गेला. काकांनी विचारलं, आधी काय होतं. तो म्हणाला, काही नव्हतं. काकांनी सर्व्हिसेसची यादी उघडली. गेल्या वर्षीच्या प्रोजेक्टचं मायएसक्यूएल तिथं निवांत चालू होतं.

तेव्हा आपल्याही गावाकडच्या जुन्या मशिनवर काही टाकायचं असेल, तर काकांना संध्याकाळी सातनंतर फोन करा. दिवसा लॅबमध्ये रेंज नसते. एरर वाचून दाखवू नका. मशीनवर आधी काय होतं ते मात्र आठवून ठेवा, आणि काहीच नव्हतं, असं काही झालं तरी म्हणू नका.