एका क्रँककेसची बदली

साखळीवर चालणाऱ्या करवतीत, म्हणजे सर्वत्र चेनसॉ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यंत्रात, कोणतेही दृश्य काम न करणारा एकच मोठा भाग असतो आणि तो म्हणजे क्रँककेस: पिस्टनची पुढेमागे होणारी धाव गोल फिरण्यात बदलणारा क्रँकशाफ्ट ज्याच्या पोटात बेअरिंगवर फिरतो, ते दोन अर्ध्यांचे कवच. पिस्टन धावतो, प्लग ठिणगी टाकतो, साखळी लाकूड कापते. क्रँककेस मात्र एकत्र कुटुंबातल्या थोरल्या भावाप्रमाणे नुसता बसून असतो, आणि तो मोडला म्हणजेच प्रत्येकाचे बिऱ्हाड त्याच्या आधाराने उभे होते हे घरादाराला कळते.

व्यावसायिक करवतींत हे कवच बहुधा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असते, कारण यंत्र दिवसभर हातात पेलायचे असते आणि मॅग्नेशियम ॲल्युमिनियमपेक्षाही हलके असते. त्याच्या दुर्दैवाच्या कारणांत मात्र धातूपेक्षा मनुष्यस्वभावाचा वाटा मोठा आढळतो. सैल ठेवलेली साखळी पट्टीवरून उसळते आणि दातेरी चाकाजवळचे कवच कुरतडते; तिला अडवण्यासाठी उत्पादकाने एक छोटा आकडा दिलेला असतो, परंतु तो मागेच तुटलेला असतो आणि त्यावाचूनही यंत्र चालते असे ध्यानात आल्यामुळे नवा बसवलेला नसतो. पट्टीचा नट ‘अजून थोडा’ आवळला जातो आणि कवचातले आटे, म्हणजे बोल्ट धरून ठेवणाऱ्या सर्पिल खाचा, बोल्टासह बाहेर येतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळल्यानंतर आडव्या झालेल्या झाडांत ही यंत्रे राबली. अशा आडव्या झाडाच्या, ताणाखाली दबलेल्या खोडाला कापणाऱ्याचा हिशेब मान्य असतोच असे नाही, आणि ते यंत्रावरच विसावले तर दोष झाडाचा ठरतो.

बारीक चिरेकडे काणाडोळा करण्याची परंपरा जुनी असली तरी टू-स्ट्रोक इंजिनात ती महाग पडते, कारण तेथे पेट्रोल, तेल आणि हवा यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये जाण्याआधी क्रँककेसमधूनच जाते आणि खाली येणारा पिस्टन त्याला तेथून वर ढकलतो. चिरेतून फुकटची हवा आत शिरली की मिश्रणातले पेट्रोल तुलनेने घटते आणि त्याच्याबरोबर वंगणही, जे मुळातच बहुधा लिटरमागे २० मिलिलिटर असते. यातला क्रूर विनोद असा की या उपासमारीत इंजिन आधी जास्तच जोरात पळते, मालक त्याची चाल पाहून खूश होतो, आणि त्या खुशीतच पिस्टन सिलिंडरला धरतो. एम-सील थापण्याचा राष्ट्रीय उपाय पेट्रोल, उष्णता आणि थरथर यांच्यापुढे फार काळ तग धरत नाही. कवच घासताना मॅग्नेशियमचा कीस पेटला तर त्यावर पाणी ओतणे हा त्याहूनही वाईट उपाय होय, कारण जळते मॅग्नेशियम पाण्यातून हायड्रोजन मोकळा करते.

म्हणून कवच बदलावेच लागते, आणि तेही पुष्कळदा जोडीने, कारण बेअरिंगच्या दोन्ही बैठका एका रेषेत याव्यात यासाठी दोन्ही अर्धी जुळवूनच तासलेली असतात. जखम एकाला झाली तरी निवृत्ती दोघांची होते. खोलताना प्लगच्या भोकातून दोरी कोंबून पिस्टन अडवतात आणि क्लच सोडवू पाहतात, परंतु तेथले आटे बहुधा उलटे असल्याने सवयीच्या हाताकडून तो आणखी घट्ट होतो. जोडताना बेअरिंग हातोडीने ठोकणे निषिद्ध आहे: कवच ओव्हनमध्ये तापवून फुगू द्यायचे, क्रँकशाफ्ट फ्रीजरमध्ये आकसू द्यायचा, म्हणजे दोघे फारसा बळाचा वापर न करता जुळतात. ही पद्धत भौतिकशास्त्राला पूर्णपणे मान्य असून तिला होणारा विरोध स्वयंपाकघरातून येतो, जेथे नारळाच्या चवाशेजारी ठेवलेल्या तेलकट लोखंडाचे समर्थन प्रसरणाच्या कोणत्याही नियमाने करता येत नाही. शेवटी सर्व वाटा बुजवून आत हवा भरतात आणि दाब टिकतो का ते पाहतात. मग हवा खेचूनही पाहतात, कारण क्रँकशाफ्टभोवतीचे रबरी ऑइल सील एका दिशेला इमानी आणि दुसऱ्या दिशेला फितूर असू शकते.

राहतो तो कारकुनी प्रश्न. अनेक करवतींचा अनुक्रमांक क्रँककेसवरच ठोकलेला असतो आणि सुटा आणलेला नवा भाग कोरा असू शकतो, त्यामुळे पिस्टन, क्लच आणि कार्ब्युरेटर जुनेच असूनही दुरुस्त झालेले यंत्र कागदोपत्री बेवारस ठरते, आणि ज्या क्रमांकावर खरेदीची पावती फाडली होती तो क्रमांक भंगारवाल्याच्या तराजूत किलोच्या भावाने तोलला जात असतो.