मागायचे असेल तर मांडव घाला

मार्च २०२३ मध्ये आमच्या नागपुरात जी-२० च्या निमित्ताने 'सिव्हिल ट्वेंटी'ची बैठक भरली. सिव्हिल म्हणजे नागरी समाज. जगभरचा नागरी समाज येणार म्हटल्यावर गाव आवरून ठेवणे आलेच. पाहुण्यांची गाडी दारात थांबली की आपण दिवाणावरचे कपडे पलंगाखाली सारतो, त्यातलाच प्रकार. भिंती रंगल्या, दिव्यांच्या माळा लागल्या आणि पोलीस आयुक्तांनी कलम १४४ लावले : चौकात, फूटपाथवर, दुभाजकावर भिकाऱ्यांनी जमायचे नाही, मागायचे नाही. बैठक २० ते २२ मार्च, म्हणजे तीन दिवसांची. आदेश ३० एप्रिलपर्यंत. पाहुणे आपापल्या देशी पोचले तरी कपडे पलंगाखालीच.

हे १४४ आम्हाला दंगलीचे औषध म्हणून ठाऊक होते. सिग्नल लाल असतो दीड मिनिट. तेवढ्यात काच पुसून, हात पसरून, दुसऱ्या गाडीकडे धावणारी पोर दंगल करते तरी केव्हा?

पण जुना कायदा यापेक्षा पोचलेला आहे. भीक मागण्यास बंदी घालणारा मुंबईचा कायदा १९५९ चा. गाणे, नाच, भविष्य सांगणे, काही विकायला पुढे करणे, कुठल्याही मिषाने सार्वजनिक जागी हात पसरला की ती भीक. म्हणजे वासुदेव गेला, पोतराज गेला, नंदीबैलवालाही गेला. (नंदीबैल मान हलवतोच, त्याला माफीचा साक्षीदार करता येईल.) हात पसरायलाच हवा असेही नाही. पोटापाण्याचे दिसेल असे साधन नाही, माणूस नुसता भटकतो आहे, तो मागूनच जगत असावा असा संशय आला तरी पुरे. शिक्षा पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षे डांबून ठेवण्याची, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. एवढी वर्षे सरकारी खर्चाने खाऊ घालायची तयारी आहे, फक्त आधी मागताना पकडले गेले पाहिजे.

हाच कायदा दिल्लीने उसना नेला होता. २०१८ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने त्यातली बरीच कलमे घटनाबाह्य ठरवली. उसनवारी बुडाली, आपले मुद्दल शाबूत! इंदूर तर आणखी पुढे गेले : २०२५ उजाडताच तिथे भीक देणाऱ्यावरही गुन्हा. पुण्य करायचे तर आता वकील गाठून करा.

मात्र कायदा अगदीच निर्दय नाही. रीतसर परवानगी घेऊन पैसे गोळा केले, तर ती भीक होत नाही. म्हणून चौकातल्या मंडळींना माझा फुकटचा सल्ला आहे. तुमचे चुकते ते एकेकट्याने मागण्यात, आणि दहा रुपये मागण्यात. आधी एक मंडळ काढा. पावतीपुस्तक छापा. अर्ध्या रस्त्यावर मांडव घाला, उरलेल्या अर्ध्यात ट्रक अडवा आणि आकडा चालकाने नव्हे, तुम्ही ठरवा. याला वर्गणी म्हणतात. वाहतुकीचा खोळंबा होईल. पण तो उत्सवाचा, त्यावर मामा शिट्टी वाजवत नाहीत, आरतीला येतात.

आता १४४ गेले. नव्या संहितेत त्याचे १६३ झाले. आकडा वाढला, चौक तोच. तेव्हा आयुक्तसाहेबांना एकच विनंती. पुढचा आदेश काढाल तेव्हा दुभाजकावरच्या फलकांकडेही नजर टाका. सगळ्या पक्षांचे भावी नगरसेवक तिथे दाटीवाटीने जमलेले आहेत, हात जोडलेले आहेत, मागतच आहेत. आणि सिग्नल हिरवा झाला तरी हलत नाहीत.