व्यग्र ख्रिस्ती गृहस्थाची चित्तस्थैर्यसाधना : वडूज परिसरापुरती कार्यपद्धती

प्रस्तुत कार्यपद्धती खटाव तालुक्याच्या मुख्यालयी, येरळेकाठच्या वडूज येथे राहणाऱ्या आणि नोकरी, शेती, तहसील कचेरीतील हेलपाटे व मंडळीचा कारभार (मंडळी म्हणजे एका उपासनामंदिराशी बांधलेला ख्रिस्ती समुदाय) यांत गुरफटूनही आपले चित्त प्रभूच्या ठायी स्थिर राहावे अशी इच्छा बाळगणाऱ्या ख्रिस्ती गृहस्थासाठी सिद्ध केली आहे. तिचा लाभ त्याच घरातील गृहिणीस का होत नाही, हे यथावकाश स्पष्ट होईल.

साधनेचा आरंभ 'शांत समया'ने, म्हणजे शास्त्रवाचन व प्रार्थना यांसाठी राखलेल्या एकांताने करावा. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात येशू पहाटेच्या अंधारात उठून निर्जन स्थळी प्रार्थनेस गेल्याचा वृत्तांत असल्याने वेळेविषयी वाद संभवत नाही. अडचण एवढीच की म्हशीची धार, मुलांचे डबे आणि नळाचे पाणी यांनीही नेमकी तीच वेळ धरलेली असते. गृहस्थाने अशा वेळी खोलीचे दार लावून घ्यावे, पवित्र शास्त्र व 'उपासना-संगीत' हे गीतांचे पुस्तक जवळ घ्यावे आणि चहा मागू नये, कारण मागण्याने एकाग्रता भंगते. तो न मागता यावा, अशी व्यवस्था लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच लावून ठेवलेली बरी. त्यानंतर उगवत्या सूर्याचे चित्र असलेले वचन मोबाइलवरून नातेवाइकांच्या व मंडळीच्या गटांत धाडावे आणि किती जणांनी ते पाहिले याचे मनन करावे. वेळ उरल्यास तो अध्याय स्वतःही वाचण्यास प्रत्यवाय नाही.

पुसेगाव मार्गे साताऱ्यास जाणाऱ्या एसटीत निरंतर प्रार्थनेचा अभ्यास करावा, कारण थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने खंड न पाडता प्रार्थना करण्यास सांगितले आहे आणि एसटीत बसल्यावर दुसरे काही करण्याजोगे नसते. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठातील ब्रदर लॉरेन्स हा आचारी भांड्याकुंड्यांच्या खणखणाटातही देवाचे सान्निध्य अनुभवत असे; त्याची पद्धती येथे शिफारसयोग्य मानली असून, भांडी दुसऱ्याने घासावीत एवढीच दुरुस्ती तीत सुचवली आहे.

या दुरुस्तीस सातारा जिल्ह्याच्या इतिहासात आधार सापडतो. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक यांनी 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा झालेल्यांस व न झालेल्यांस सारखेच खुले असे ते ख्रिस्तशिष्यांचे बंधुमंडळ होते. पगार सुटल्यावर चित्त मोकळे होते हे खरे, तथापि चूल मोकळी राहून चालत नाही, आणि पैसा व पाहुणे यांबाबत टिळकांनी जन्मभर बाळगलेली बेफिकिरी निस्तरण्याचे काम कोणाकडे होते, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मकथनात इतक्या प्रसन्नपणे सांगितले आहे की त्यातील तक्रार पुष्कळ वाचकांच्या ध्यानातही येत नाही. 1919 मध्ये टिळक वारले, त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले, आणि ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी. अंतर्मुख होण्यास ज्यांना उसंत नव्हती त्यांनीच एकाग्र माणसाचे काव्य तडीस न्यावे, या घटनेचा उलगडा प्रस्तुत कार्यपद्धतीच्या चौकटीत होत नाही.

मार्था व मरीया यांचे उदाहरण मात्र जपून वापरावे. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात कामाने त्रासलेल्या मार्थेस येशू सौम्यपणे समजावतो आणि आपल्या पायांशी ऐकत बसलेल्या मरीयेची निवड योग्य ठरवतो. या उताऱ्यावर प्रवचन चालू असताना मंडळीतील काही भगिनी मागच्या बाजूस प्रीतिभोजनाचा भात उतरवत असल्या तर त्यांना आत बोलावण्याचा मोह टाळावा, कारण भात लागल्यास प्रवचन कोणाच्याच स्मरणात राहत नाही. योहानकृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात बेथानीच्या भोजनप्रसंगीही मार्थाच वाढत असते, आणि तिचा भाऊ लाजर पंक्तीस बसलेला असतो. लाजर नुकताच कबरेतून उठलेला होता, त्यामुळे त्यास ही सवलत शोभते. वडूजच्या गृहस्थापाशी तितके सबळ कारण सहसा नसते.

याकरिता एक पोटनियम जोडणे भाग आहे. आठवड्यातून निदान रविवारी तरी म्हशीची धार गृहस्थाने काढावी, उपासनेहून परतल्यावर मटणाचे वाटण त्यानेच वाटावे, आणि तेवढा वेळ गृहिणीने खोलीचे दार आतून लावून घ्यावे. वाटण सरबरीत झाल्यास तिने बाहेर येऊ नये.