कार्तिकातला नगर रोड

कोरेगाव भीमाचं नाव सांगितलं की समोरचा माणूस तारखेवर येतो. एक तर १ जानेवारी १८१८ची लढाई, नाही तर १ जानेवारी २०१८ची दंगल. बाबासाहेब आंबेडकर १९२७ साली याच तारखेला जयस्तंभाला मानवंदना द्यायला आले होते, हेही पुष्कळांना ठाऊक असतं. जयस्तंभ नदीच्या पुण्याकडच्या काठावर, पेरणे गावात, म्हणजे हवेली तालुक्यात. आम्ही शिरूर तालुक्यातले, ही बारीक दुरुस्ती मी पूर्वी करत असे. आता सोडून दिली. त्या दिवशी लाखो माणसं येतात, नगर रोडची वाहतूक दुसरीकडून वळवतात, गावाचं नाव पेपरात पहिल्या पानावर येतं. त्यावर लिहिणारे जाणकार खूप आहेत. उरलेल्या ३६४ दिवसांत मात्र आमची चौकशी करायला फक्त पाहुणे येतात, आणि पाहुण्यांचा खरा हंगाम म्हणजे कार्तिक.

शरदाचे हे शेवटचे दिवस. बाजरी पोत्यात जाऊन बसलेली, ज्वारी गुडघ्याएवढी, कांद्याची रोपं वाफ्यात आणि ऊस तोडीला आलेला. पहाटे भीमेवर असं धुकं दाटतं की पुलावरच्या गाड्या दिवे लावून येतात. आई गोधड्या उन्हात टाकते आणि घरातल्या प्रत्येकाची कानटोपी कुठं गेली याचा तपास दुसऱ्या प्रत्येकाकडे करते. पाऊस रीतीप्रमाणे परत गेलेला असतो. अलीकडे मात्र विसरलेली छत्री न्यायला यावं तसा तुळशीच्या लग्नाला एकदा येतो आणि कांद्याच्या रोपांचं वाटोळं करून जातो.

दिवाळीत आमचं गाव निम्मं रिकामं होतं. सणसवाडी, रांजणगाव, शिक्रापूर या पट्ट्यात कंपन्या आल्या तसं इथं ऊस-कांद्याच्या जोडीला आणखी एक पीक उभं राहिलं: खोल्या. ज्याला गुंठाभर मोकळी जागा सापडली त्यानं ओळीनं खोल्या बांधल्या, पुढं सामाईक नळ दिला आणि भाडेकरू ठेवले. लातूर, नांदेड, बीड, बुलढाण्याची ही मुलं धनत्रयोदशीच्या आत गावी जातात. जाताना त्यांच्या हातात कंपनीनं दिलेली भेट असते. एका कंपनीत ब्लँकेट मिळालं आणि शेजारच्या कंपनीत मिक्सर, तर वर्षभर पुरेल इतकं दुःख त्या ब्लँकेटखाली झोपतं. मग चाळीला कुलपं लागतात आणि आम्हा घरमालकांनाच करमत नाही. भांडायला कोणी नाही, नळाला रांग नाही, रात्रपाळीहून आलेल्याची मोटारसायकल पहाटे भुंकणाऱ्या कुत्र्यांना जागं करत नाही.

भाऊबीज झाली की मंडळी परतते आणि प्रत्येक पिशवीतून एकेक जिल्हा बाहेर पडतो. लातूरच्या शेंगदाण्याच्या पोळ्या येतात, विदर्भाकडचे अनारसे येतात. आई सगळं चाखते. तिचा निकाल ठरलेला असतो: "चव बरीय, पण करंजीला खुळखुळा झालाय." म्हणजे सारण कमी पडलंय. मग तोच डबा आमच्या चकल्या घालून परत जातो, कारण डबा रिकामा पाठवायची रीत नाही. हे डबे असे फिरत फिरत एकादशीपर्यंत चालतात. शेवटी कुठली चकली कुठल्या घरची, हे सांगणं तलाठ्यालाही जमणार नाही.

एकादशीनंतर तुळशीचं लग्न. तुळशीला नवरा मिळाला की सगळ्या पंचक्रोशीला कंठ फुटतो. पत्रिका मोटारसायकलवरून येऊ लागतात, एकेका तिथीला चार-चार. पत्रिकेत नवरा-नवरीची नावं शोधावी लागतात. प्रेषक, निमंत्रक, स्वागतोत्सुक आणि आजी-माजी पदाधिकारी यांची नावं मात्र न शोधता सापडतात. आदल्या दिवशी मांडवडहाळे, रात्री हळद, दुसऱ्या दिवशी लग्न. त्यातलं लग्न हमखास नगर रोडवरच्या एखाद्या कार्यालयात असतं.

इथं जरा थांबून या रस्त्याबद्दल सांगायला हवं. जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, रस्ता मात्र लोकांच्या तोंडी नगर रोडच राहिला. पुण्यापासून आमचं गाव तीसेक किलोमीटर. पण आमच्याकडं हे अंतर किलोमीटरमध्ये मोजणारा माणूस एक तर सर्व्हेअर असतो नाही तर नवखा. खराडी, वाघोली, लोणीकंद, पेरणे फाटा या ओळीत कुठं किती वेळ जाईल, हे तिथीवर अवलंबून असतं. दाट तिथी असली की प्रत्येक कार्यालयाच्या दारात गाड्या वळतात, वरातीचा डीजे अर्धा रस्ता खातो, कारखान्याकडं निघालेला उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत, मोठ्यानं गाणी लावून, उरलेल्या अर्ध्या रस्त्यातून शांतपणे जात असतो. त्या ट्रॅक्टरवाल्याला घाई नसते. त्याचा ऊस लग्नाला जायचा नसतो.

आमची थोरली आत्या दौंडकडची, पाटसची. तिच्या उमेदीत ती भाऊबीजेला आली की महिनाभर राहायची. यायलाच इतका त्रास व्हायचा की लगेच परत जाणं परवडायचं नाही. बैलगाडी, मग एसटी, मग पुन्हा पायी. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर. आता भाचा तिला चारचाकीनं आणून सोडतो आणि संध्याकाळी न्यायला येतो. भेट सोपी झाली आणि चहाच्या दोन कपांत संपायला लागली. हे मी आत्यासमोर मोठ्या गांभीर्यानं बोलून दाखवलं. ती म्हणाली, "बाळा, लग्नाला संगं चल मग. गाडीत बोलू."

तिचं बरोबर होतं. लोणीकंदच्या अलीकडं गाडी थांबली ती थांबलीच. पहिली दहा मिनिटं मी हॉर्न वाजवण्यात घालवली. नंतर इंजिन बंद केलं आणि मागच्या सीटवर काय चाललंय ते ऐकू लागलो. आई आणि आत्या यांनी तेवढ्यात एका चुलत्याच्या वाटणीचा निकाल लावला होता, मेथीच्या लाडवात गूळ किती आणि डिंक किती यावर मतभेद नोंदवले होते, आणि माझ्या मुलीसाठी न्हावऱ्याकडचं एक स्थळ काढलं होतं. मुलगी बारावीला आहे. "आत्ता कुठं म्हणतोय आम्ही," आत्या म्हणाली, "नुसतं बघून ठेवायचं." मुलीनं कानात इअरफोन घातले. शेजारच्या गाडीची काच खाली आली. आत फेटे दिसत होते. "पाव्हणं, कुठल्या लग्नाला?" विचारपूस झाली तेव्हा कळलं, ते आमच्याच लग्नाला निघालेत आणि गाडीत नवरीचा सख्खा मामा बसलाय. मग आमची काळजीच मिटली. मामा आल्याशिवाय नवरी मांडवात कोण आणणार? आईनं लाडवाचा डबा खिडकीतून पलीकडं दिला. त्यांच्याकडून चिवडा आला.

कार्यालयात पोहोचलो तेव्हा मुहूर्त टळून बराच वेळ झाला होता आणि माइकवर शुभेच्छांची भाषणं चालू होती. सूत्रसंचालक एकेका मान्यवराचं नाव घेत होता, टॉवेल-टोपी-नारळ पुढं येत होतं, प्रत्येकजण "वेळेचं भान ठेवून" दोन शब्द बोलत होता. शहरातले लोक या भाषणांना नावं ठेवतात. मीही ठेवायचो. पण त्या दिवशी मला त्यांचा उपयोग दिसला. चेअरमन, माजी सभापती आणि होऊ घातलेले सदस्य एवढे बोलले नसते, तर मामाची गाडी लोणीकंदात असतानाच मंगलाष्टका उरकल्या असत्या. आपल्याकडं एका खोळंब्याची सोय दुसऱ्या खोळंब्यानं होते. जेवण मात्र झकास होतं. मसालेभात, बुंदी आणि मठ्ठा. आता पंगत नसते, ताट हातात धरून उभ्यानं जेवावं लागतं; आत्यानं त्याला ठाम नकार दिला, एक खुर्ची ओढली, समोर दुसरी ठेवली आणि एकटीची पंगत बसवली.

कार्तिक वद्य एकादशी जवळ आली की याच रस्त्यावर दिंड्या दिसू लागतात. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत समाधी घेतली. त्या सोहळ्यासाठी नगर-पारनेरकडची माणसं पायी निघतात. लोणीकंदच्या बाजूला तुळापूर फाट्याकडं वळायचं आणि मरकळवरून आळंदी. त्या दिवसांत नगर रोडवर सगळ्यात वेगानं जाणारी गोष्ट म्हणजे दिंडी. आमची गाडी जागच्या जागी आणि टाळ वाजवत, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका काचेजवळून पुढं निघून जातात. एकीनं आत डोकावून विचारलं, "माउली, पाय दुखत्यात का?" गाडीत बसलेल्या माणसाला हा प्रश्न विचारला की उत्तर सुचत नाही.

त्याच दिवसांत पंढरपूरहून पांडुरंगाची पालखीही माउलींच्या भेटीला आळंदीला येते. नदीचा प्रवास मात्र उलटा. आळंदीची इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, ते पाणी आमच्या पुलाखालून दौंडकडं जातं, उजनीत थांबतं आणि पुढं पंढरपूरला चंद्रभागा म्हणून ओळखलं जातं. म्हणजे माउलींच्या दारातलं पाणी बारा महिने तेरा काळ वारी करतं. त्यात कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी सोडणाऱ्यांनाही आपोआप वारीचं पुण्य लागत असावं. त्याशिवाय आळंदीच्या घाटावर दरवर्षी तो पांढरा फेस येता ना. वारकरी बिचारा तो हातानं बाजूला सारतो आणि बुडी मारतो.

आता मित्रांविषयी. शाळेतले आम्ही चौघे-पाचजण. दोघे पुण्यात स्थायिक, एक पिंपरीत, बाकी इथंच. पुण्यातल्या मित्राला थंडीची पहिली झुळूक लागली की त्याचा फोन येतो: "हुरडा झाला का रे?" हा प्रश्न तो कार्तिकात विचारतो. ज्वारी अजून पोटऱ्यातसुद्धा आलेली नसते. हुरड्याला पौष उजाडावा लागतो. मोराच्या चिंचोलीला हल्ली हुरडा पार्टीची तिकिटं निघतात, झोका, बैलगाडी आणि मोर सगळं त्यात येतं, तेव्हा त्याला वाटतं हुरडा हा तिकिटावर ठरतो. मी त्याला दरवेळी समजावतो, आणि तो दरवेळी शनिवारी येऊन धडकतो. अंगात बर्फाळ प्रदेशात चालेल असं जाकीट. मग हुरड्याऐवजी वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी, ठेचा. रात्री शेकोटीपाशी बसून तो सांगतो की आपणही आता गावाकडं राहायला यावं. रविवारी दुपारी मात्र तीन वाजल्यापासून घड्याळ बघतो, कारण संध्याकाळी वाघोलीत अडकायचं नसतं. अडकतोच. रात्री फोन करतो, जाम सुटेपर्यंत बोलत बसतो. खरं सांगायचं तर शेकोटीपाशी जे बोलणं झालं नाही, म्हणजे त्याच्या नोकरीचं, वडिलांच्या आजारपणाचं, ते सगळं वाघोलीच्या जाममध्ये बोलून होतं.

या रस्त्यावर वरून दुसरा रस्ता होणार, असं ऐकत आलोय. व्हायलाच हवा, रुग्णवाहिका अडकते तेव्हा यातलं काहीच गमतीचं उरत नाही. झाला की मित्र अर्ध्या तासात घरी पोहोचेल. त्याला रात्री फोन मीच करत जाईन.

तोवर तुम्हाला कार्तिकात आमच्याकडं यायचं असेल तर खुशाल या. दाट तिथी टाळा, हुरड्याची चौकशी करू नका, आणि येताना डबा आणलात तर तो भरूनच परत जाईल. घरून निघाल्याचा फोन मात्र करू नका. लोणीकंद ओलांडलं की करा. चहाचं आधण त्यानंतरच ठेवतो.