पंचाण्णवची पाहुणी

विंडोज ९५ बसवताना ती दहा आकडी किल्ली मागते. पहिल्या तीन आकड्यांचं फारसं पथ्य नाही. पुढच्या सात आकड्यांची बेरीज करायची, तिला सातने निःशेष भाग गेला की दार उघडतं. म्हणजे सात वेळा एक लिहिलं तरी काम झालं: १११-१११११११. जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसाच्या दुकानाचं कुलूप प्राथमिक शाळेतल्या भागाकारावर उभं होतं! माझ्याकडे मात्र खरी सीडी आहे. हे सांगताना माझा आवाज आपोआप चढतो, कारण त्या काळातली विंडोजची खरी सीडी बाळगणारा दुसरा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे.

रात्री जेवणं आटोपली की मी लॅपटॉपच्या पोटात दुसरा संगणक उभा करतो. म्हणजे एक प्रोग्रॅम चालू करायचा. तो आपण प्रोसेसर आहोत, मेमरी आहोत, फ्लॉपी ड्राइव्ह आहोत अशी बतावणी करतो आणि आत बसवलेल्या जुन्या विंडोजला ती सगळी खरी वाटते. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. ही थाप नवी नाही. आयबीएमच्या खोलीभर यंत्रांवर १९६०च्या दशकातच ती मारली जात होती आणि १९७२ साली तर व्हीएम/३७० या नावाने रीतसर घोषित झाली. यातल्या आतल्या प्रणालीला गेस्ट म्हणतात. आमच्याकडे अशा बऱ्याच पाहुण्या मुक्कामाला आहेत.

मुलगी सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिने एकदा खांद्यावरून डोकावून विचारलं, “बाबा, यात करायचं काय असतं?”

“विंडोज सुरू करायची.”

“आणि मग?”

“बंद करायची.”

ती काही न बोलता निघून गेली. नंतर स्वयंपाकघरातून मायलेकींचं कुजबुजणं बराच वेळ ऐकू येत होतं.

पाहुण्यांत सगळ्यात थोरली म्हणजे विंडोज १.०. २० नोव्हेंबर १९८५ला बाजारात आली, किंमत ९९ डॉलर, मेमरी मागते २५६ के. हिच्याकडे एका खिडकीवर दुसरी चढलेली चालत नाही. दोन प्रोग्रॅम उघडले की दोघांनी पडद्याची शेजारीशेजारी वाटणी करून घ्यायची. (१९८७च्या विंडोज २मध्ये खिडक्या एकमेकींवर चढू लागल्या आणि पुढच्याच वर्षी ॲपलने कोर्ट गाठलं.) हिला माउसही ओळखू येत नाही. व्हर्च्युअल मशीन माउस देतं तो पीएस/२ जातीचा, आणि ती जात जन्माला आली १९८७ साली. मग कीबोर्ड बडवत रिव्हर्सी खेळायचं आणि हरायचं. नोटपॅड मात्र तिथे तेव्हाही आहे. मालक बदलले, रंग बदलले, पण हा गडी आपल्या जागी कोऱ्या चेहऱ्याने उभा.

खरी जिवाला घोर लावणारी पाहुणी विंडोज ९५. माझी भाबडी समजूत अशी होती, की बाईला तेव्हा ४ एमबी मेमरीत संसार करावा लागला, आता १६ जीबीचा लॅपटॉप आहे, म्हणजे चार हजार पट सुबत्ता, पळत सुटेल. ती उंबरठ्यावरच कोसळते. कारण ऐकण्यासारखं आहे. सुरू होताना तिला यंत्राचा वेग मोजायचा असतो. त्यासाठी ती प्रोसेसरला ठरावीक वेळा नुसतं गोल फिरायला लावते आणि लागलेल्या वेळाने भागते. १९९५ साली या फेऱ्यांना मोजण्याइतका वेळ लागत होता. काही वर्षांतच एएमडीचे ३५० मेगाहर्ट्झचे प्रोसेसर आले, त्यांच्या फेऱ्या इतक्या झटपट संपायच्या की घड्याळात वेळ दिसायचा शून्य. शून्याने भागायचं कसं? बाईंनी ‘विंडोज प्रोटेक्शन एरर’ असं लिहून डोळे मिटले. किल्लीतला भागाकार जमला, वेगातला नाही. आजच्या यंत्रावर तिला उठवायचं तर हौशी मंडळींनी तयार केलेलं ठिगळ लावावं लागतं.

तिची धाकटी बहीण ९८. तिला मेमरीचं अजीर्ण होतं. ५१२ एमबीच्या पुढे वाढलंत, तर ती तक्रार करू लागते, आणि तक्रार काय, तर मेमरी अपुरी आहे! होतं असं की जितकी मेमरी दिसेल तितकं मोठं कोठार बांधायला एक कारभारी आत नेमलेला आहे. तो कोठारासाठी पत्त्यांची इतकी जागा अडवतो की इतरांना पाय ठेवायला जागा उरत नाही. अशा कारभाऱ्यांना मी नोकरीत जवळून पाहिलेलं असल्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही.

मग ठिगळ लावून ९५ उठते. आपण हात जोडून बसतो, ती ढगांचं चित्र दाखवते, संगीतकार ब्रायन ईनोचा तो तरंगता सूर वाजतो (त्याने तो मॅकवर बसून रचला, हे तिला सांगू नये), आणि सोळा रंगांत ती स्थिर होते. काही काम नाही, आम्ही दोघं नुसते एकमेकांकडे बघतोय. आणि इकडे लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागतो. कारण काम नसताना प्रोसेसरला ‘जरा थांब’ म्हणायचा जो हुकूम असतो, तो ही देतच नाही. तिच्या काळी रिकामा प्रोसेसर फिरत राहिला म्हणून कोणाचं बिघडत नव्हतं.

“अहो, एवढं काय दळताय रात्रीचं?” आतून प्रश्न येतो.

“काहीच नाही,” मी म्हणतो. तंतोतंत खरं असूनही ते कोणाला पटत नाही.

९५च्या पोटात एक घड्याळ मिलिसेकंद मोजत असतं. त्याचा आकडा बत्तीस बिटांचा, तो ४९.७ दिवसांनी भरतो आणि बाई थिजतात. हा दोष उघडकीला यायला १९९९ उजाडलं, कारण तोवर पन्नास दिवस सलग चालण्याचा योग विंडोजच्या पत्रिकेतच नव्हता. पुण्यात तर हा दोष कधीच सापडला नसता. पन्नास दिवसांत किमान सात गुरुवार येतात, आणि गुरुवारी आमच्याकडे वीज जाते. आता बॅटरी आहे, प्रयोग करता येईल. पण दीड महिना पंख्याची घरघर ऐकायची तयारी घरात माझ्याखेरीज कोणाची नाही.

८६बॉक्स नावाचा एक प्रोग्रॅम जुनं यंत्र चिप न् चिप हुबेहूब वठवतो. त्यात १३३ मेगाहर्ट्झचा पेंटियम निवडला, तर माझा नवाकोरा लॅपटॉप तेवढं हळू चालण्याच्या खटपटीत अक्षरशः धापा टाकतो.

या सगळ्याचा घराला उपयोग झाला तो एकदाच. सोसायटीच्या सेक्रेटरींना १९९७ची एक नोटीस हवी होती. फाइल माझ्याकडे होती, पण तेव्हा विंडोजला देवनागरी येत नसे. श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवत. र. कृ. जोशींचा मंगल फॉन्ट विंडोज २०००बरोबर आला तोवर सगळा मामला असाच. नव्या लॅपटॉपवर त्या नोटिशीची नुसती इंग्रजी अक्षरांची मारामारी दिसत होती. ९५मध्ये जुना फॉन्ट जिवंत होता. फाइल उघडली आणि ‘पाण्याची टाकी साफ करण्याबाबत’ हे शीर्षक ठसठशीत उमटलं.

आता आजचा प्रिंटर ९५ला कुठून माहीत असणार! शेवटी पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि सेक्रेटरींना पाठवला. त्यांनी गडबडीत तो तसाच सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत तिघांनी विचारलं, टाकी नक्की कोणत्या रविवारी धुणार. चौथ्या मजल्यावरच्या जोगळेकर काकांनी तेवढं लिहिलं, “‘सदस्यांनि’मधली वेलांटी दीर्घ हवी. मी तेव्हाही सांगितलं होतं.”