शिलेदार ठाण शोधतात

बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांत एक-दोन शिलेदार अजून सापडतात. आडनाव काहीही असो, पूर्वज पिलाजीराव गायकवाडांबरोबर गुजरातेत उतरलेला असतो, आणि तोही स्वतःच्या घोड्यावर. सरकारी पागेतल्या घोड्यावर बसायचे ते बारगीर. त्यांचा वंशच बुडाला असावा, कारण बडोद्यात त्यांचा एकही वारस मला आजवर भेटलेला नाही.

शिलेदारांच्या वाड्याच्या जागी आता इमारत आहे आणि ते तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यामुळे सारंगखेड्याच्या यात्रेतून काठेवाडी घोडी आणली, की ठाणाचा प्रश्न उभा राहतो. बडोद्यात हा प्रश्न न पडलेला घोडा एकच, सयाजीबागेजवळचा. तो ब्रॉन्झचा आहे.

मग सेवासी, भायली, सिंधरोट असा तबेल्यांचा दौरा निघतो. मालक खुर्ची देतो, पंखा लावतो, मोबाइलवर फोटो दाखवतो. शिलेदारांचं लक्ष नाकाकडे. मुताचा उग्र दर्प डोळ्यांना झोंबला, तर चहा अर्धा टाकून उठतात. नाही झोंबला, तर मालकाला तिथंच बसवून थेट ठाणाकडे जातात. वेळ मुद्दाम चंदीची गाठलेली असते. मोतद्दार तोबरा घेऊन आला, की घोडे कान टवकारतात की मागे पाडतात, एवढंच बघायचं. मोतद्दाराचं प्रशस्तिपत्र घोड्याच्या कानात असतं, असं त्यांचं म्हणणं, आणि थट्टा बाजूला ठेवून सांगतो, ते खरं आहे.

मग ते परक्या घोड्याचा पाय उचलायला लावतात, स्वतःचे गुडघे धरून वाकतात आणि खुराच्या तळव्यातल्या खाचेला नाक लावतात. घाण वास आला म्हणजे जमीन ओली, खूर कुजायला लागलेले. पाण्याच्या हौदाच्या आतून बोट फिरवून शेवाळ तपासतात. वैरणीची पेंढी सोडून बुरशी शोधतात. घोड्याला ओकता येत नाही, वाईट आत गेलं की पोटशूळ उठलाच, हे ज्ञान ते मालकाला अशा सुरात देतात, की जणू पिलाजीरावांनी खाजगीत सांगितलेलं.

"पूर कुठवर येतो?"

"काका, अहीं पाणी आवतुं ज नथी."

शिलेदार काठीनं भिंतीवरची रेघ दाखवतात. ऑगस्ट 2024 मधली विश्वामित्री नदी तिथं सही करून गेलेली असते.

"आणि मगरी?"

"ए तो आखा वडोदरामां आवे छे, काका."

हे उत्तर त्यांना पटतं. खरी परीक्षा पुढे असते. बडोद्यातले बरेच तबेले लग्नसराईवर जगतात, आणि आपण पैसे भरून ठेवलेली घोडी रात्री कुणाचा नवरदेव मिरवत फिरेल, सांगता येत नाही. म्हणून शिलेदार खिशातून हळूच मोबाइल काढतात आणि बँडचं गाणं लावतात. एका तबेल्यात कोपऱ्यातल्या पांढऱ्या घोडीनं चाल ओळखली, मान उडवली आणि जागच्या जागी थयथय सुरू केली. "हिचा मालक कुठं असतो?" "अमेरिकेत," मोतद्दार भोळेपणानं म्हणाला. शिलेदारांनी मोटार सुरू केली.

स्वतः ते घोडीवर बसत नाहीत. डॉक्टरांनी मणक्याचा एक्स-रे दाखवून मनाई केली आहे. रविवारी जाऊन ते तिला गूळ भरवणार आणि मोतद्दाराच्या खराऱ्यात चुका काढणार.

शेवटी एक तबेला पसंत पडतो. दर ठरतो; चंदी, वैरण, खरारा आणि दीड-दोन महिन्यांनी नालबंद, सगळं धरून. मालक हात पुढे करतो. शिलेदारांचे हात पाठीमागेच.

"आणि लीद कोणाची?"

मालक बघतच राहतो.

"वैरण माझ्या पैशाची, पोट माझ्या घोडीचं. लीद तुमची कशी?"

तासाभरानं तडजोड होते. महिन्याला दोन गोणी लीद शिलेदारांच्या मोगऱ्याला, घरपोच. तिसऱ्या मजल्यापर्यंत कोण चढवणार, यावर बोलणी अजून चालू आहेत. सोसायटी लिफ्ट द्यायला तयार नाही.