सीट पुढे, आम्ही मागे

सायकलच्या सीटमागे लटकवायची पिशवी घ्यायची असेल तर आधी स्वतःचं वजन करावं लागतं. पिशव्यांच्या जाहिरातीत हे कुठेही लिहिलेलं नसतं. तिथे फक्त लिटर असतात.

माझी सायकल म्हणजे वडिलांची रॅले. नॉटिंगहॅमची. २८ इंची चाकं, सळईचे ब्रेक, बंद चेनकव्हर, आणि वर ब्रुक्सची चामडी सीट, खाली दोन जाड स्प्रिंगा. सीटच्या मागच्या लोखंडी पट्टीला दोन कड्या आहेत. पिशवीचे दोन पट्टे त्यांतून ओवायचे आणि तिसरा सीटच्या दांड्याला आवळायचा, की झालं. वडील उंच आणि किडकिडीत होते. त्यांची सीट वर असायची आणि स्प्रिंगा निवांत असायच्या. माझे पाय पायडलपर्यंत पोचावेत म्हणून सीट पार तळाला नेऊन बसवलेली आहे, आणि स्प्रिंगांच्या नशिबी मी आहे. मी बसलो की सीट खाली येते, सीटबरोबर पिशवी खाली येते, आणि खाली मडगार्ड वाट बघत असतं.

म्हणून पार्किंगमध्ये मोजमाप झालं. मी सायकलवर, वॉचमन हँडलला, आणि मागे टेप घेऊन बायको.

"अहो, पोट आत घेऊ नका. माप चुकतं."

"पोटाचा इथे काय संबंध?"

"खाली येतंय ते सगळं पोटामुळेच येतंय."

सीट रिकामी असताना मडगार्डपर्यंत सात इंच. मी बसल्यावर सहा. "एक इंच तुम्ही," असं म्हणून तिने टेप मिटला. वॉचमन हँडल सोडून कोपऱ्यात हसायला गेला, त्यामुळे मला उतरताना कुणीच नव्हतं.

कॅरिअर असता तर यातलं काहीच घडलं नसतं, हे ती अधूनमधून सांगत असे. कॅरिअर मी काढून टाकला होता, जुन्या सायकलीच्या रूपाला बाध येतो म्हणून. माझ्या रूपाबद्दल ती काही बोलली नाही. टेपने सांगितलं तेवढं पुरे होतं.

मग अभ्यास. इंग्लंडात, लँकेशरमधल्या नेल्सन गावी, कॅरडाइस नावाचा कारखाना १९३२ पासून अशा पिशव्या शिवतो. जाड सुती कापड. ओलं झालं की धागे फुगतात, विणीतली भोकं बुजतात आणि आतला स्वेटर कोरडा राहतो. त्यांच्या एका पिशवीला गावाचंच नाव आहे, ती १५ लिटरची. 'कॅम्पर' नावाची थोरली २४ लिटरची. मी तिच्यावरच जीव लावला. रात्री दिवा मालवल्यावर मी तंबू, स्टोव्ह आणि लोकरीचे मोजे भरून स्कॉटलंडच्या डोंगरांतून जात असे. दिवसा मी मंडईपर्यंत जातो, तेही उतार असेल त्या बाजूने.

"२४ लिटर म्हणजे आपले दोन हंडे," बायको म्हणाली. "मागे लटकवून कुठे निघालात?"

तेव्हापासून त्या पिशवीचं चित्र पाहिलं की मला नळाला पाणी आल्याचा भास होई. शिवाय तिची उंची माझ्या सहा इंचांत मावणारी नव्हतीच.

मूळची पिशवी चामड्याची होती. छोटी, पाना आणि पंक्चरच्या सामानापुरती. आम्ही नारायण पेठेत राहत होतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाणी वाड्यात शिरलं, तेव्हा वडिलांनी सायकल खांद्यावर घेऊन माडी गाठली. आई पुढे आयुष्यभर सांगायची, "आधी सायकल वर गेली, मग मी." पिशवी मात्र तेल लावून खाली खुंटीवर वाळत टाकलेली होती. ती मुठेने नेली.

तेव्हा चामड्याचीच घ्यायची ठरली, आणि चामडं म्हटल्यावर कोल्हापूर आलं. तिथल्या चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात. ब्रुक्सचं कातडंही झाडपाल्याच्या कषायातच कमावलेलं असतं. म्हणजे सोयरीक जुळत होती. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण त्यात सायकलच्या पिशव्या येत नाहीत, हे मी घरात सांगितलं नाही. जाणकारांनी पुढचा पत्ता दिला: कागल तालुक्यातलं सेनापती कापशी. कापशीची चप्पल मोठी नामांकित.

अख्खी सायकल वीस किलोच्या घरातली. म्हणून फक्त सीट खोलून घेतली. ती वर्तमानपत्रात बांधली, स्प्रिंगांनी स्वारगेटपर्यंत अग्रलेख फाडला, आणि उरलेला प्रवास मी उघडी सीट मांडीवर घेऊन केला. पिशवीत का नाही घातली, असं शेजारच्या गृहस्थांनी विचारलं. पिशवीच आणायला चाललोय, म्हटलं. त्यांनी बराच वेळ सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मूळव्याध का?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर मागच्या रांगेतल्या बाईंनी कराडचा एक वैद्य सुचवला होता. खंबाटकीपासून कराडपर्यंत सुरण, ताक आणि त्रिफळा यांवर चर्चा झाली. कृष्णा कधी ओलांडली ते कळलं नाही. उतरताना गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "लाजायचं नाही."

कागलला वडाप पकडायची होती. वडाप म्हणजे जीप, आणि ती वेळेवर नाही, भरली की सुटते. "बसा काका, निघालोच," ड्रायव्हर म्हणाला. आत दोन माणसं होती. 'निघालोच'चा अर्थ मला इतक्या वर्षांत समजलेला आहे. मी खिडकीजवळची जागा धरली, जागेवर रुमालाऐवजी सीट ठेवली, आणि समोर चहा प्यायला गेलो.

पहिला घोट घेतला आणि बाजार करून परतणाऱ्या बायकांचा एक जथा आला. पाट्या वर, पोरं आत. ड्रायव्हरने मागे वळून डोकी मोजली. खिडकीजवळ, माझ्या जागी, सीट ताठ बसली होती. हिशेब पुरा झाला. जीप सुटली.

मी धावलो. हातात कप होता. कप खाली ठेवून धावावं तर चहावाला ओरडेल आणि घेऊन धावावं तर चहा सांडेल, या विचारात जीप वळणाआड गेली.

"काय ऱ्हायलं जीपमदी?" चहावाला.

"सीट."

"सीट जीपमदीच असतीया की."

"माझी सीट!"

"तुमची गेली तर गेली. मागली जीप मोकळीच हाय."

"अहो, सायकलची!"

"मग सायकल कुठाय?"

"पुण्याला."

चहावाल्याने माझ्याकडे नीट पाहून घेतलं आणि आधी चहाचे पैसे मागितले.

स्टँडवर ज्याला त्याला माझी दया आली, आणि दया आली की माणसं सल्ला देतात. एकाने पोलिसांत जा म्हणून सांगितलं. दुसरा म्हणाला, पोलीस रंग विचारतील, रंग काय? मी म्हटलं, चॉकलेटी. तो म्हणाला, चॉकलेटी अवघड आहे. नंबर कुणाकडे आहे का, या प्रश्नावर सगळ्यांनी खिशातून फोन काढले आणि प्रत्येकाकडे दुसऱ्याच ड्रायव्हरचा नंबर निघाला. माझा पारा चढत होता. साठ वर्षं ऊनपाऊस काढलेली, पुरातून खांद्यावर बसून वाचलेली ब्रुक्सची सीट कागलच्या चौकातून पळाली होती, आणि इथे लोक रंगावर अडले होते.

पुढच्या जीपमध्ये मी एकटाच. भरेपर्यंत थांबायला माझ्याकडे वेळ नव्हता. "सगळ्या जागांचे पैसे मी देतो," मी म्हणालो. ड्रायव्हरने दोनदा विचारून खात्री केली, पैसे मोजून घेतले आणि निघाला. गावाबाहेर पहिल्याच झाडाखाली दोघं उभे होते. थांबला. पुढे तिघं. थांबला. मी विकत घेतलेल्या जागांवर लोक बसत होते आणि त्यांच्याकडूनही भाडं घेतलं जात होतं.

"या जागा माझ्या आहेत!" मी म्हणालो.

"व्हय काका, तुमच्याच. पर मानसं उन्हात हुबी हायत."

यावर काय बोलणार? एक आजीबाई चढल्या आणि मला म्हणाल्या, "सर की वाईच." माझ्या मालकीच्या बाकावर मी सरकलो. त्यांनी ओंजळभर ओल्या शेंगा दिल्या. त्या इतक्या गोड होत्या की मला आणखी राग आला.

कापशी हे सेनापती संताजी घोरपड्यांच्या घराण्याचं गाव. मोगलांच्या तळावर अचानक कोसळण्यात संताजींचा हात धरणारा कुणी नव्हता. मीही स्टँडवर तसाच कोसळलो. पहिला ड्रायव्हर बोनेटला टेकून तंबाखू मळत होता.

"ती व्हय? दिली की दुरुस्तीला. चामड्याची हाय, खड्डं पडल्यात, म्हटलं कुणीतरी चपलवाल्या मामांकडंच धाडलेली आसंल."

त्याने बरोबर ओळखलं होतं, आणि त्यामुळेच माझ्या पोटात गोळा आला. ब्रुक्सच्या सीटखाली, नाकापाशी, एक बोल्ट असतो. चामडं सैल पडलं की तो पिळून ताणतात. जाणत्या माणसाच्या हातात पाना असेल तर दोन मिनिटांचं काम. मी बोळातून पळत गेलो. ओसरीवर चपलांचे तळवे रचलेले, आणि मधे एक म्हातारे मामा बसलेले. मांडीवर माझी सीट उलटी, ओलं फडकं फिरवलेलं, बोल्टला पाना लागलेला.

"थांबा!"

मामांनी वर पाहिलं. "का? ताणायची न्हाई? ह्ये बगा, दोन खड्डं पडल्यात."

"ते वडिलांचे आहेत."

मामांनी सीट सुलटी केली. एकेका खड्ड्यात अंगठा ठेवून पाहिला. म्हणाले, "लई सायकल मारली तुमच्या वडलांनी." मग पाना बाजूला ठेवला. "ऱ्हाऊ देत."

नारायण पेठेतून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जायचं आणि परत यायचं, पाऊस असो की ऊन, निवृत्त होईपर्यंत. चामडी सीट बसणाऱ्याच्या हाडांचं माप घेत जाते. माझी हाडं त्या मापात बसत नाहीत. मी काठावर बसतो आणि कुरकुरतो. हे मी कुणाला सांगत नाही, मामांना का सांगितलं कोण जाणे. ते म्हणाले, "मग चप्पल पायाला लावावी लागतीया तसं. लागंल."

त्यानंतर मी पिशवीवर आलो. झाकण कसं असतं, कड्या कशा, नेल्सन कुठे, सुती कापड का फुगतं, १५ लिटर आणि २४ लिटर यांत गुण कोणते आणि दोष कोणते, हे सगळं मी सांगितलं. मामांनी मधे वादी ओवून घेतली आणि मी थांबल्यावर विचारलं,

"त्यात ठेवनार काय?"

इतक्या चित्रांत, इतक्या मापांत हा प्रश्न कुठेच आला नव्हता. तंबू आठवला, स्टोव्ह आठवला, आणि ते माझ्याकडे नाहीत हेही आठवलं. वडिलांच्या पिशवीत पाना असे, रबराचे तुकडे, सोल्यूशनची ट्यूब, आणि पगाराच्या दिवशी आईसाठी गजरा. आमच्या आईच्या मोगऱ्याला महिन्यातून एकदा पंक्चर सोल्यूशनचा वास यायचा, आणि तो गजरा ती दुसऱ्या दिवशीपर्यंत काढत नसे.

"पाना," मी म्हणालो. "चष्मा. बीपीच्या गोळ्या."

"मग एवढी बास," म्हणून मामांनी दोन्ही तळहात जोडून दाखवले. स्कॉटलंड तिथेच संपलं.

उंची किती हवी, हे मी कागदावर लिहून नेलं होतं. मामांनी कागद पाहिला नाही. अंगणात एक जाडजूड मेढ रोवलेली होती, तिच्यावर सीट चढवली आणि म्हणाले, "बसा." शाळा सुटायची वेळ होती. मी मेढीवर, पाय अधांतरी, खाली मामा दोरी धरून, आणि भोवती गाव. ड्रायव्हर पोरांना मागे सारत होता आणि स्वतः पुढे येत होता. एका पोराने विचारलं, "घंटी कुठाय?" दुसऱ्याने तोंडाने वाजवली. मामांनी दोरीला एक गाठ मारली, मला उतरवलं, दुसरी गाठ मारली. गाठींमध्ये एक इंच. बायकोचा टेप खरा ठरला, हे तिला कळवायची गरज नव्हती.

रात्री कोल्हापूरला मुक्काम. अंबाबाईचं दर्शन, रंकाळ्याला एक चक्कर, तांबडा रस्सा. रश्श्यानंतरचं काही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी पिशवी तयार होती. मधाच्या रंगाची, वादीने शिवलेली, झाकणाला पितळी बक्कल. मामांनी ती सीटच्या कड्यांना बांधूनच दिली. मी पैसे विचारले, त्यांनी सांगितले, मी जास्त देऊ लागलो, ते रागावले. निघताना म्हणाले, "पावसाळ्यात बुरशी धरंल. आठवड्याला खोबऱ्याचं तेल, आन् वाळत घालायची ती उंचावर." पुराची गोष्ट मी त्यांना सांगितलेली नव्हती.

स्टँडवर तोच ड्रायव्हर. मी पुढे बसलो, मांडीवर सीट, सीटमागे पिशवी.

"कालचं भाडं ऱ्हायलंय काका."

"काल मी तुझ्या गाडीत नव्हतो."

"तुमी नव्हता. सीट व्हती. खिडकीची जागा, कागल ते कापशी. तिच्यापायी एक बाई हुबी आली."

वाद घालण्यासारखं काही नव्हतं. मी पैसे काढले. त्याने ते घेतले, आणि पिशवीकडे बोट केलं.

"आन् हिचं?"

"ही बसलेली नाही. मागे लटकलेली आहे."

त्याने वाकून बघितलं. खात्री करून घेतली.

"मग अर्धं द्या. लटकणाऱ्याला अर्धंच घेतो मी."